कॉइलओव्हर बसवताय? उंचीचा विचार सगळ्यात शेवटी

कॉइलओव्हरचा सेट, म्हणजे उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप, घरी आला की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, गाडी किती खाली बसेल? गॅरेजवालाही मग चाक आणि मडगार्डमधली फट बघून रिंग फिरवतो, चारही बाजू सारख्या दिसल्या की टेस्ट ड्राइव्ह. पुढच्या महिन्याभरात तक्रारी सुरू होतात: खड्ड्यात धाडकन आपटते, वळताना टंग आवाज येतो, पुढचे टायर आतून खाल्ले. सेट बहुतेक वेळा चांगलाच असतो, सेटिंगचा क्रम उलटा झालेला असतो. शॉकअपच्या दांड्याला वर-खाली जायला जेवढी जागा आहे, तो स्ट्रोक, आधी नीट वाटून घ्यायचा. उंची त्यानंतर.

उदाहरणाला 2018 नंतरची स्विफ्ट घेऊ. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), तो नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, दोन बोल्टांनी जोडलेला. मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई), स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकची मांडणी अशीच आहे, त्यामुळे आकडे बदलले तरी हिशोब तोच राहतो.

दोन माणसं धरून पुढच्या एका कोपऱ्यातल्या स्प्रिंगवर साधारण 250 किलो भार येतो असं समजा. स्प्रिंगचा रेट 4 किलो प्रति मिमी असेल, म्हणजे ती 1 मिमी दाबायला 4 किलो लागत असतील, तर गाडी जॅकवरून उतरली की ती 62 मिमी दबते. हा झाला सॅग. शॉकअपचा एकूण स्ट्रोक 120 मिमी असेल तर खाली लटकायला 62 आणि वर दबायला 58 उरले. आता या 58 मध्ये 35 मिमीचा बम्प स्टॉप, म्हणजे शेवटचा धक्का झेलणारा रबरी तुकडा, बसलेला आहे. म्हणजे चाक जेमतेम 23 मिमी वर गेलं की रबराला टेकलं! महामार्गावरच्या पुलाचा एखादा चढलेला जॉइंटसुद्धा तेवढं दाबतो. लोक याला 'स्प्रिंग फार कडक आहे' म्हणतात आणि डॅम्पिंग (दांड्याच्या हालचालीला शॉकअपचा विरोध) मऊ करत बसतात. खरं तर गाडी बम्प स्टॉपवर चालत असते.

प्रीलोडचा, म्हणजे गाडीचा भार येण्याआधीच स्प्रिंग थोडी दाबून ठेवण्याचा, उपयोग इथे होतो. सरळ रेटच्या स्प्रिंगला प्रीलोड दिल्याने ती कडक होत नाही, 4 किलोची स्प्रिंग 4 किलोचीच राहते. फक्त दांडा स्ट्रोकमध्ये कुठे उभा राहतो ते बदलतं. 8 मिमी प्रीलोड दिला की सॅग 54 होतो, वर दबायला 66 मिळतात आणि स्टॉपपर्यंतची मोकळी जागा 23 वरून 31 वर जाते. गाडी मात्र 8 मिमी वर उचलली जाते. मग खालचा ब्रॅकेट फिरवून स्ट्रटची बॉडी 8 मिमी आत घ्यायची, उंची पूर्ववत. प्रीलोड आणि उंची स्वतंत्रपणे बदलणारा सेट घ्यावा असा माझा आग्रह यासाठीच असतो. ज्या सेटमध्ये गाडी खाली घ्यायची म्हणजे स्प्रिंगची बैठकच खाली सरकवायची, तिथे उतरवलेला प्रत्येक मिलिमीटर थेट वर दबायच्या जागेतून जातो.

प्रीलोड वाढवत नेला तर लटकायची जागा आटते. मग खोल खड्ड्यात चाक खाली पोचायच्या आत दांडा वरच्या टोकाला आपटतो आणि ठक् आवाज येतो, घाटातल्या वळणात आतलं चाक हलकं पडतं. एकूण स्ट्रोकच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी ड्रूप (लटकायची जागा) रस्त्यावरच्या गाडीला ठेवू नये. शिवाय स्प्रिंगची कमाल दबण्याची क्षमता तपासा: वरच्या उदाहरणात 8 मिमी प्रीलोड अधिक स्टॉप पूर्ण दबेपर्यंतचा सुमारे 105 मिमी स्ट्रोक, म्हणजे 113. स्प्रिंग त्याआधीच वेटोळ्याला वेटोळं लागून घट्ट होत असेल, तर सगळा धक्का गाडीच्या बॉडीतल्या स्ट्रट टॉवरवर (स्ट्रटचं वरचं टोक बसतं तिथे) जातो.

रेट निवडताना एक सोपा हिशोब उपयोगी पडतो. 15.8 ला प्रीलोडशिवायच्या सॅगच्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागा, त्या कोपऱ्याची वारंवारिता, म्हणजे तो सेकंदाला किती वेळा वर-खाली डोलतो ते, हर्ट्झमध्ये मिळते. 62 मिमीला ती 2 हर्ट्झ येते, 3 किलोच्या स्प्रिंगला सुमारे 1.7, आणि 6 किलोच्या स्प्रिंगला 2.4. कंपनीतून येणाऱ्या कौटुंबिक गाड्या साधारण 1.2 ते 1.5 मध्ये असतात. रोजच्या वापराच्या गाडीला 1.7 ते 2 पुरे. 2.4 वर गाडी ट्रॅकवर छान वाटेल, पण आपल्या जिल्हा मार्गावर मागे बसलेले आई-वडील तासाभरात गाडी थांबवायला सांगतील.

आता बसवणं. गाडी उचलण्याआधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा बदलली की आकडा बदलतो. गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) ठेवा, नुसत्या जॅकवर अजिबात नाही. एबीएसची वायर आणि ब्रेकचा पाइप आधी ब्रॅकेटमधून सोडवा. नकल बाहेर झुकू लागला की तो तारेने बांधून ठेवा, नाहीतर ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. जुन्या स्ट्रटवरचा मधला नट स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय उघडायचा नाही, दबलेली स्प्रिंग सुटली तर जीवावर बेतू शकतं. नव्या सेटचा तोच नट इम्पॅक्ट गनने कधीही कसू नका. दांडा आतल्या आत गरगर फिरतो आणि सील पहिल्याच दिवशी दुखावतं. ॲलन की ने दांडा धरायचा, पान्याने नट कसायचा, शेवटचा टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. डस्ट बूट (दांड्यावरचं धूळ अडवणारं आवरण) 'नंतर बघू' म्हणून बाजूला ठेवू नका, आपल्या धुळीत उघडा दांडा टिकत नाही.

सगळ्यात जास्त वेळा चुकणारी गोष्ट म्हणजे बुश. लोअर आर्मचा आणि मागच्या शॉकअपचा रबरी बुश आतल्या नळीला चिकटवलेला असतो. चाक लटकत असताना बोल्ट पूर्ण कसला तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि पिळलेलंच राहतं. काही महिन्यांत ते फाटतं, तोवर गाडीची उंचीही खोटी दिसते. बोल्ट हाताने लावा, नकलखाली जॅक लावून चाक चालू उंचीला आणा, मगच टॉर्क द्या.

स्प्रिंग लावण्याआधी एक तपासणी कराच. नुसता स्ट्रट बसवा, चाक लावा आणि जॅकने बम्प स्टॉप दबेपर्यंत वर घ्या. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवा. टायर मडगार्डच्या लायनरला, आतल्या बाजूने स्ट्रटला किंवा ब्रेकच्या पाइपला कुठे लागतो ते आत्ताच दिसेल. शॉकअपच्या आधी टायर आपटत असेल तर स्ट्रटची बॉडी आणखी आत घ्यायला जागा नाही, एवढं पक्कं.

मागची बाजू वेगळी वागते. तिथे स्प्रिंग बीमवर चाकाच्या मध्याच्या थोडी पुढे असते, त्यामुळे बैठक 10 मिमी फिरवली की चाकापाशी 10 पेक्षा जास्त फरक पडतो. स्प्रिंगची बैठक खाली घेतली की शॉकअप स्ट्रोकमध्ये खोल जाऊन बसतो, म्हणून त्याची लांबीही तेवढी कमी करायची. गाडी उचलून मागची चाकं पूर्ण लटकवा आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. फिरली, तर ती रस्त्यावर जागेवरून सरकू शकते.

किती खाली घ्यावी? स्पीड ब्रेकरवरून ठरवा. इंडियन रोड काँग्रेसच्या प्रमाणातला ब्रेकर 3.7 मीटर रुंद, 10 सेंमी उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा असतो. स्विफ्टचा व्हीलबेस 2.45 मीटर. दोन्ही चाकं माथ्याच्या दोन बाजूंना असताना असा ब्रेकर पोटाखालची फक्त 44 मिमी जागा खातो. हे झालं कागदावरचं. गावात शिरताना रातोरात उगवलेला, हातभर रुंद आणि 12 सेंमी उंच डांबराचा ढीग मात्र सगळी 120 मिमी खातो. कंपनीची 163 मिमी क्लिअरन्स असताना 43 उरतात. 30 ने खाली आणल्यावर उरतात 13, आणि चार माणसं बसली की तेही नाहीत. म्हणून इथल्या रोजच्या गाडीला 15 ते 20 मिमीवर थांबावं.

डॅम्पिंगचे क्लिक नेहमी पूर्ण कडक बाजूने मोजा. नॉब बोटांनी हळूच बंद होईपर्यंत फिरवा, तो शून्य, तिथून उघडत मोजा. मऊ बाजूला नेमका थांबा नसतो, तिकडून मोजलं तर डावं-उजवं कधीच जुळत नाही. सुरुवात मध्यावर. एका नॉबचे सेट प्रामुख्याने रिबाउंड, म्हणजे दबलेला दांडा परत बाहेर येतानाचा विरोध, बदलतात, हे लक्षात ठेवून लक्षणं वाचा. ब्रेकर ओलांडल्यावर गाडी एकापेक्षा जास्त वेळा डोलली तर दोन क्लिक कडक. उतारावरच्या रम्बलर पट्ट्यांवर पहिल्या दोन पट्ट्या बऱ्या वाटल्या आणि पुढच्या जास्त जास्त आदळू लागल्या, तर उलट: रिबाउंड इतका कडक आहे की पुढच्या पट्टीआधी चाक परत खाली येत नाही आणि गाडी हळूहळू स्टॉपवर बसते. दोन क्लिक मऊ करा. एका वेळी एकच एक्सल, रस्ता तोच, टायरची हवा तीच.

नुसत्या अंदाजापेक्षा पुरावा बरा. पुढच्या दांड्यावर एक बारीक केबल टाय घट्ट बांधा आणि स्ट्रटच्या बॉडीला टेकवा, डस्ट बूट तेवढ्यापुरता वर सरकवून. नेहमीच्या रस्त्यावर फिरून या. टाय दांड्यावर जिथे सरकून थांबला, तिथपर्यंत स्ट्रोक वापरला गेला. रोजच्या रस्त्यावर तो बम्प स्टॉपमध्ये खोल घुसलेला असेल तर क्लिकने काही होणार नाही, प्रीलोडकडे परत जा. बघून झालं की टाय कापून टाका.

अलाइनमेंट 200-300 किलोमीटर चालवून स्प्रिंग बसल्यावर करा, टाकी अर्धी आणि ड्रायव्हरच्या सीटवर वजन ठेवून. उंची बदलली की टो (वरून पाहताना चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) बदलतो, आणि टायर मुख्यतः टोमुळेच खाल्ले जातात. कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) पुढे उणे अर्धा ते उणे एक अंश, दोन्ही बाजूंतला फरक अर्ध्या अंशाच्या आत. आधी कॅम्बर आणि मग टो, कारण नकलचा बोल्ट हलला की टोही हलतो. टो शून्याजवळ. मागचा बीम कारखान्यातून ठरलेला असतो. तिथे मोठा फरक दिसला तर सेटिंग शोधण्याऐवजी बीम वाकला आहे का ते बघा.

आवाजाचं निदान जागेवरून होतं. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की 'टंग' होतं: वरच्या माउंटचं बेअरिंग अडकतंय किंवा स्प्रिंग बैठकीवर घसरतेय. बारीक खड्ड्यांवर सतत खडखड: लिंक रॉड (वळताना गाडीचा कल रोखणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडणारा दांडा), किंवा सैल राहिलेली लॉक रिंग. लिंक रॉड कसताना दोन्ही चाकं एकाच पातळीवर हवीत, नाहीतर स्टॅबिलायझर बार पिळलेला राहतो.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. गाडी खाली आली की हेडलाइटचा झोतही हलतो, तो भिंतीवर परत जुळवून घ्या.

मे महिन्यात, पाऊस सुरू होण्याआधी, चारही रिंगा सोडवा. आटे नायलॉनच्या ब्रशने धुवा, वाळवा आणि ड्राय ल्युब किंवा मेणाचा स्प्रे मारा. ग्रीस लावू नका, त्यात रेती चिकटते आणि पुढच्या वेळी रिंगसोबत आटेच सोलून निघतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर गाडी राहत असेल तर हेच पावसानंतर ऑक्टोबरमध्येही करा. सोडवण्याआधी रिंगच्या वर किती आटे दिसतात ते मोजून लिहा, म्हणजे सेटिंग जसंच्या तसं परत येईल.