उद्यमबागेतले मामा आणि आमच्या गाडीचा सांगाडा

गेल्या पावसाळ्यात मामा गेले. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडमध्ये ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि हायड्रॉलिक प्रेसचे सांगाडे जोडण्याची कामे येत. परंतु तरुणपणी त्यांनी कोइमतूरला रेसिंगच्या गाड्यांचे सांगाडे जोडले होते, हे बेळगावात फार थोड्यांना ठाऊक होते. ज्यांच्या नावाचा मोटार शर्यतींचा ट्रॅक २००३ पासून तेथे आहे, ते रेसिंगच्या गाड्या बांधणारे एस. करिवर्धन हयात असतानाचा तो काळ. मामा त्याविषयी स्वतःहून कधी बोलत नसत.

आमच्या कॉलेजच्या संघाला एसएईइंडिया या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘बाहा’ या खडबडीत वाटेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधायची होती. २००७ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत गाडी विद्यार्थ्यांनीच बांधायची असते आणि सर्वांत कडक तपासणी होते ती चालकाभोवतीच्या रोल-केजची, म्हणजे गाडी उलटली तरी त्याला वाचविणाऱ्या पाइपांच्या पिंजऱ्याची. नियमातला मूळ पर्याय २५ मिलिमीटर बाहेरचा व्यास, ३ मिलिमीटर जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असलेल्या पोलादी पाइपाचा आहे. आम्ही पाइप घेऊन शेडमध्ये गेलो, तेव्हा मामांनी पाइपाला हातही न लावता प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. “बिलावर लिहिलंय म्हणून कार्बन येतोय होय रे?” एवढेच ते म्हणाले. तो अहवाल स्पर्धेतही मागतात, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

पुढचे काम माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे होते आणि ते वेल्डिंगच्या आधीचे होते. एका पाइपाचे टोक दुसऱ्याच्या गोलाईवर नेमके बसावे म्हणून ते माशाच्या तोंडासारखे कापावे लागते. मामा कागदावर त्या कापाचा नमुना काढून तो पाइपाभोवती गुंडाळीत, खडूने रेघ मारीत आणि नंतर अर्धगोल कानस आमच्या हातात देत. दोन पाइपांच्या मधून उजेड दिसला की तो जोड नापास. फट राहिली तर टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने, आरगॉन वायूच्या आवरणात केलेले वेल्डिंग) करताना तेथे धातू जास्त भरावा लागतो, उष्णता वाढते आणि सांगाडा ओढला जातो. हे कारण त्यांनी तुकड्यावर प्रत्यक्ष करून दाखविले. आमच्यातल्या काहींना ही कानस घासण्याची शिस्त अवाजवी वाटे. मला ती तेव्हाही योग्यच वाटत होती.

जोडणीच्या वेळी सगळे पाइप सपाट टेबलावर पकडून आधी फक्त टाके, म्हणजे वेल्डचे छोटे ठिपके, मारायचे, मापे पुन्हा घ्यायची आणि मग पूर्ण वेल्ड समोरासमोरच्या जोडांवर आलटून पालटून करायचे, असा त्यांचा क्रम होता. एप्रिलच्या उकाड्यातही पंखा बंद असे, कारण वाऱ्याने आरगॉनचे आवरण उडून जाते आणि वेल्डमध्ये छिद्रे पडतात. वेल्डिंगची टॉर्च मामांनी एकदाही आमच्या गाडीवर चालविली नाही. वेल्ड आम्हीच करायचे, हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगून टाकले होते. मात्र सरावासाठी भंगारातले तुकडे, टंगस्टन आणि आरगॉन त्यांच्याच खर्चातून येत. पैशांचा विषय काढला की ते कन्नडमध्ये कामगारांना काहीतरी ओरडून सांगायला वळत. ही त्यांची टाळण्याची रीत होती, हे आम्हाला उशिरा कळले.

स्पर्धेसाठी वेल्डचे दोन नमुने द्यावे लागतात. नव्वद अंशांचा जोड तुटेपर्यंत ताणायचा आणि तो वेल्डवर न तुटता पाइपावर तुटला पाहिजे. तीस अंशांचा जोड लांबीने कापून आतपर्यंत धातू वितळला आहे की नाही ते दाखवायचे. आमचा कापलेला नमुना मामांनी पॉलिश करायला लावला, उजेडात बराच वेळ फिरवून पाहिला आणि परत दिला. होकार असा त्यांच्या तोंडून आला नाही.

मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला, स्पर्धेच्या ठिकाणी, तपासणी करणाऱ्यांनी नमुने आणि अहवाल पाहिले, हेल्मेटपासून केजपर्यंतचे अंतर मोजले आणि आमचा सांगाडा मान्य केला. मी लगेच मामांना फोन केला. अभिनंदन वगैरे न करता त्यांनी विचारले की कापलेला तुकडा परत मिळतो का. मिळत असेल तर आणा, पुढच्या वर्षीची पोरे येतील तेव्हा त्यांना दाखवायला लागेल.