पुण्याहून नागपूरला राहायला जाताना: कपड्यांचं कपाट नव्याने लावू या

पुण्याहून निघालेली गाडी दौंड, मनमाड करत भुसावळ ओलांडते आणि खिडकीतून येणारी हवा बदलते. अकोला, बडनेरा, वर्धा मागे पडेपर्यंत मे महिन्यातला वारा चक्क भाजायला लागतो. नागपुरात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ४३-४४ तर जवळजवळ दर उन्हाळ्यात असतंच.

पुण्यात उन्हाळा म्हणजे बिनबाह्यांचा कुडता आणि आखूड पँट. इथे दुपारी हेच कपडे सगळ्यात जास्त त्रास देतात. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून बरीच तापली की उघड्या दंडाला लागणारा वारा गारवा देत नाही, उष्णता देतो. घामही दिसायच्या आत उडून जातो, कपड्यावर फक्त मिठाचे पांढरे डाग राहतात. म्हणून इथे अंगभर, सैल आणि सुती. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, तिथे उघडं अंग बरं वाटतं. तो अनुभव नागपूरला लावू नये.

तयार कपड्यांसाठी सीताबर्डी, तागे बघायला इतवारी आणि गांधीबाग. पण मी वर्ध्याला उतरून मगन संग्रहालयातली खादी बघण्याचा आग्रह धरेन. हातमागाच्या विणीतून हवा खेळते. घट्ट विणलेलं जाड सुती कापड शंभर टक्के सूत असूनही कोंडतं. याउलट, अगदी पातळ पांढऱ्या मलमलमधून ऊन थेट आत येतं. घरात मलमल उत्तम, रस्त्यावर फिक्या रंगाची मध्यम जाडीची खादी.

दुकानदार ‘कॉटन’ म्हणेल, तरी एक धागा ओढून जाळून बघा. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो, सूत कागदासारखं जळून मऊ राख उरते. रेयॉनही तसंच जळतं, म्हणून दुसरा धागा ओला करून ओढायचा. रेयॉन ओलं झालं की पटकन तुटतं, सूत तुटत नाही. आणि अस्तर जरूर तपासा. वरून सुती आणि आत पॉलिएस्टरचं अस्तर, ही फसगत तयार कुडत्यांत फार होते.

शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं. सुती कापड तीन ते पाच टक्के आटतं, म्हणजे अडीच मीटरमागे दहा-बारा सेंटिमीटर जास्तीचं घ्यावं. शिंप्याला छातीला सहा इंच ढिलाई, मनगटापर्यंत रुंद बाही आणि बगलेत चौबगला, म्हणजे काखेत जोडायचा चौकोनी तुकडा, सांगा. चौबगल्याने कापड काखेत चिकटत नाही आणि घामाने कुजणारी तिथली शिवणही टिकते. स्टार्च अगदी हलका, दाट झाला तर विणीतली भोकंच बुजतात.

दुचाकीवर जाणाऱ्या बायका सनकोट आणि स्टोल वापरतात, पुरुष पांढरा दुपट्टा. दोन मीटर लांब, नव्वद सेंटिमीटर रुंद सुती कापड उभं दुमडायचं, मध्य कपाळावर ठेवायचा, दोन्ही टोकं मानेमागे फुली करून पुढे आणायची. एक नाकावरून नेऊन कानामागे खोचायचं, दुसरं गळ्याभोवती गुंडाळायचं. मागे गाठ मारली तर हेल्मेट नीट बसत नाही, डोकंही दुखतं. जॉर्जेटचा स्टोल घसरतो आणि आत वाफ कोंडतो.

पायांत शिवलेली चामड्याची चप्पल. उन्हात तापलेल्या डिकीत राहिलेल्या बुटांचे नुसते चिकटवलेले तळवे सुटतात. जीन्स फेब्रुवारीअखेर आत ठेवून द्या. धातूच्या पट्ट्याचं घड्याळही.

पाच-सहा जोड पुरतात, कारण मेमध्ये धुतलेला कुडता तासाभरात वाळतो. मात्र उलटा करून सावलीत वाळत घाला. इथल्या उन्हात नीळ आणि वनस्पतींचे रंग लवकर उडतात. पाऊस लागला की चित्र पालटतं. जुलैत जाड खादी दोन दिवस ओली राहते आणि कुबट वास धरते, तेव्हा मलमल आणि पातळ सूत बाहेर काढायचं.

स्वेटर मात्र पुण्यात ठेवून येऊ नका. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे पारा दहाच्याही खाली उतरतो.