खत जळायलंय

"साहेब, तुमची बाटली टाकल्यापासून खत जळायलंय. आत हात घालवंना झालाय."

परभणी जिल्ह्यातलं गाव, मे महिन्याचा दुसरा आठवडा. बाटलीतून जिवाणू खतं विकणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या तक्रारी बहुतेक एकाच चालीच्या असतात. टाकलं, पण काहीच झालं नाही. काहीतरी झालं अशी तक्रार क्वचितच येते, म्हणून दुसऱ्या कुणाला न पाठवता स्वतः गेलो. सोबत लांब दांडीचा तापमापक, निर्जंतुक पिशव्या, बर्फाची पेटी.

ढीग गोठ्यामागे, उघड्यावर. उंची पाच फुटांच्या वर, माल दोन ट्रॉल्यांचा. वरून काळाभोर, कुणीही छान म्हणावं असा. खोऱ्याने कडेला चर मारला तर फूटभर आत राखट पांढरा थर निघाला, कोरडा, पिठासारखा उडणारा. त्याच्या आत वाफ आणि डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास. तापमापक दीड फूट आत खुपसला, काटा ६३ अंशांवर थांबला.

ते पांढरं म्हणजे राख नव्हे. गरम आणि कोरड्या पडत चाललेल्या ढिगात ॲक्टिनोमायसिटीस नावाचे तंतूसारखे जिवाणू माजतात, त्यांची ती जाळी. पण शेतकऱ्याचा 'जळायलंय' हा शब्द मला खोडावासा वाटला नाही. नाकाला झोंबत होता तो नत्रच (नायट्रोजन) होता, फुकट हवेत चाललेला.

"ह्यात काय काय टाकलंय?" हा प्रश्न तीनदा विचारावा लागतो. पहिल्यांदा उत्तर मिळतं 'शेणखत'. दुसऱ्यांदा कळलं की शेण पंधरा दिवसांपूर्वीचं, त्यात गव्हाणीतलं उष्टं. तिसऱ्यांदा कळलं की एक छोटा हत्ती टेम्पो भरून कोंबडीखतही टाकलंय, ओळखीत फुकट मिळालं म्हणून. ढीग रचला त्याच दिवशी २०० लिटरच्या ड्रममध्ये २ किलो गूळ कालवून, हवेतला नत्र धरणारा ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू प्रत्येकी २ लिटर सोडून, सगळं पाणी वरून ओतलेलं. आमच्या पत्रकात लिहिलंय तसंच. टनाला प्रत्येकी १ लिटर, गूळ १ किलो, 'शेणखतात मिसळा'.

कोणतं शेणखत, ते पत्रकात नाही. आपल्याकडे कालच्या पोवट्यापासून तीन वर्षांच्या उकिरड्यातल्या मातीपर्यंत सगळ्याला शेणखतच म्हणतात, हे पत्रक लिहिणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. लिहिणारा मीच.

खत कुजवणं आणि कुजलेलं खत जिवाणूंनी समृद्ध करणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्यांना लागणारं तापमान एकमेकांच्या उलट. कुजताना ढीग ५५-६५ अंशांपर्यंत तापायलाच हवा. त्यात तणाचं बी मरतं, रोगाचे जंतू मरतात. बाटलीतला ॲझोटोबॅक्टर मात्र २८-३० अंशांत सुखी असतो, त्या भट्टीत तो टिकत नाही. एरवी तो कोष करून कोरड्यात तग धरतो, पण कोष म्हणजे उष्णतेवरचं चिलखत नव्हे. कोंबडीखताने नत्र वाढवलं, कोरडा काडीकचरा जवळजवळ नव्हताच, म्हणजे कर्ब (कार्बन) कमी पडला, उरलेला नत्र अमोनिया होऊन उडाला. वरून ओतलेलं पाणी कडेच्या भेगांतून खाली गेलं आणि गाभा तहानलेलाच राहिला.

ओलीचा हिशोब तर कुणीच करत नाही. खतात २५ टक्के ओल असेल तर टनात कोरडा माल ७५० किलो. ओल ४० टक्क्यांवर न्यायची तर एकूण वजन १२५० किलो व्हायला हवं, म्हणजे टनाला २५० लिटर पाणी, तेही पलटी देत देत, थराथराला. लोक दोन बादल्या शिंपडतात आणि जिवाणूंना दोष देतात. विक्रेते तर ड्रममध्ये मागच्या हंगामातल्या बुरशीनाशकाचा वास येत असला तरी 'चालतंय' म्हणतात.

नमुने चार घेतले. ढिगाचा गाभा, ढिगाची कड, शेतकऱ्याकडची अर्धी उरलेली बाटली, आणि शेजारी कडुलिंबाखालचा त्याच्या चुलतीचा खड्डा. चुलतीचं खत दीड वर्षाचं. खड्डा तीन फूट खोल, वर पराट्या (कापसाची वाळलेली झाडं) आणि ओलं बारदान, भांडी धुतलेलं पाणी रोज त्यात. मूठभर उचलून दाबलं तर गोळा झाला, टिचकी मारली तर फुटला, बोटांना पाणी लागलं नाही. वास पहिल्या पावसाच्या मातीचा. बाटली कधी टाकलेली नाही.

प्रयोगशाळेत नेहमीची पद्धत. १० ग्रॅम खत ९० मिली निर्जंतुक पाण्यात, तिथून दहा-दहा पटीने विरळ करत सहा पायऱ्या. ॲझोटोबॅक्टरसाठी नत्र नसलेलं माध्यम, स्फुरदवाल्यांसाठी पिकोव्हस्काया, ज्यात न विरघळणारं ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं म्हणून प्लेट दुधाळ दिसते. जिवाणूने आम्ल सोडून ते विरघळवलं की वसाहतीभोवती स्वच्छ वलय उमटतं. मराठवाड्याच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, जिथे सामू (पीएच) ८ च्या वर आणि स्फुरद कॅल्शियमने बांधलेलं, हे वलयच आमचं सगळं दुकान आहे.

पाचव्या दिवशी प्लेटा मोजल्या. बाटली चोख. खत नियंत्रण आदेशात द्रवरूप जिवाणू खताला मिलीला किमान १० कोटी जिवंत जिवाणू लागतात, त्याच्या वरच निघाले. आमचे सहकारी एवढ्यावर खूश होऊन फाईल बंद करायला निघाले. बॅच चांगली म्हणजे तक्रार खोटी, असं त्यांचं गणित. त्यांनी आयुष्यात उकिरड्यात हात घातलेला नाही.

ढिगाच्या कडेला ॲझोटोबॅक्टर होता, गाभ्यात एकही वसाहत नाही. पण गाभ्यातल्या पिकोव्हस्काया प्लेटवर चार-दोन वलयं होतीच. आमचे स्फुरदवाले बॅसिलस गटातले. ते बीजाणू करून ६३ अंशांतूनही निभावतात, म्हणून ती आमची असू शकतात. तशीच ती शेणातली मूळची असू शकतात. प्लेटवर वलय दिसतं, गाव दिसत नाही. आणि चुलतीच्या खतात वलयं इतकी की मोजायला पुढची विरळ प्लेट घ्यावी लागली.

शेतकऱ्याला त्या दिवशीच सांगून आलो होतो. ढीग मोडा, सोयाबीनचं भुसकट थराथराने मिसळा, पाणी पाजत नव्याने रचा, उंची तीन-साडेतीन फूट, आठवड्याला पलटी. तापमापक नसेल तर पहार दीड फूट खुपसून दहा मिनिटं ठेवा. काढल्यावर मुठीत धरवत नसेल तर बाटली उघडायची नाही. पलटी देऊनही ढीग पुन्हा तापत नाही असं झालं, की मगच जिवाणू, सावलीत, ओल्या पोत्याखाली १० ते १५ दिवस. मृगाला महिनाही उरला नव्हता. एवढ्यात हे बसत नव्हतं, म्हणून यंदा बाटली बियाण्याला लावा आणि हे खत रब्बीला वापरा म्हटलं. 'खताच्या ढिगल्या वावरात टाकून पंधरा दिवस उन्हात ठेवू नका' हेही सांगितलं. ते कुणी ऐकत नाही, कारण ट्रॅक्टर मिळेल त्या दिवशी खत वाहावं लागतं.

पत्रकात पहारेचा मजकूर पहिल्या ओळीत घालून दिला. विक्रीवाल्यांनी तो मागच्या पानावर ढकलला. पहिल्याच ओळीत 'उघडू नका' लिहिलं तर बाटली घेईल कोण, असं त्यांचं म्हणणं.

निकाल सांगायला गेलो तेव्हा चुलतीही येऊन उभी होती. तिने विचारलं, "मग म्या टाकू का माझ्या खड्ड्यात तुमची बाटली?"

तिच्या खतात ॲझोटोबॅक्टर फारच थोडे होते, म्हणजे ॲझोटोबॅक्टरची बाटली तिला द्यायला कारण होतं. स्फुरदाच्या बाटलीला मला एकही कारण सापडत नव्हतं. "टाका, वाईट काही होणार नाही," एवढंच बोललो. तिने दोन्ही घेतल्या.