आईने खुनी पकडला
काल कोथरूडला आमच्याकडे गेम नाइट. बाहेर पावसाची रिपरिप, आत क्लूडो, म्हणजे खून कुणी, कशाने आणि कुठल्या खोलीत केला हे ओळखायचा बोर्ड गेम. उत्तराचे तीन पत्ते पाकिटात, बाकीचे भिडूंच्या हातात. ६ संशयित, ६ हत्यारं, ९ खोल्या, म्हणजे ३२४ शक्यता! मी आपला कागदावर रकाने आखून बसलो. आई नकोच म्हणत होती, "तुमचं चालू द्या, मला कुकर लावायचाय." एक भिडू कमी पडला म्हणून कशीबशी बसली.

तिने कागद घेतलाच नाही. कोण कुणाला पत्ता दाखवतंय आणि कोण नुसतीच मान हलवतंय, एवढंच बघत राहिली. मधेच भाच्याला म्हणाली, "तीनदा तीच मेणबत्ती विचारतोयस, म्हणजे ती तुझ्याच हातात आहे ना रे?" पोरगं ओशाळलं. पाऊण तासात तिने आरोप केला, पाकीट उघडलं, तिन्ही पत्ते बरोबर. माझ्या कागदावर अजून ११ शक्यता शिल्लक!

हा खेळ अँथनी प्रॅट नावाच्या इंग्रज गृहस्थाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रचला, बाजारात आला १९४९ साली. हे सांगितलं तर आई म्हणाली, "बरं, आता पानं घ्या."

पुढच्या शनिवारी मावशीही येतेय. तिच्यापासून तर सोसायटीतलंही काही लपत नाही.