हाताला दिसणारे पोचे

जालन्यात आमच्या घराचा पत्ता विचारला तर गल्लीतले लोक सांगतात, "ते नाही का, दारात जीप सोलून ठेवलेलं." सोलून हा शब्द अगदी नेमका आहे. 1986 सालची महिंद्रा, अप्पांनी शेतासाठी घेतलेली. रंग, पुट्टी, गंज असं तिचं एकेक साल मी चार वर्षांपासून काढतोय. सुट्टीच्या दिवशी, आणि लाइट असली तर.

मराठवाड्यात पाऊस तो केवढा, इथं गाडीला गंज कसला लागतोय, असं मलाही वाटायचं. पायाखालचं मॅटिंग उचललं तर खाली थेट अंगण दिसलं. ही गाडी पावसानं नाही, खतानं खाल्ली. वर्षानुवर्षं तिच्यातून पोती वाहिली. सांडलेलं खत हवेतला ओलावा ओढतं, पत्र्याला चिकटून बसतं आणि खालून पोखरत जातं. वरून रंग शाबूत, खाली चाळण. उजव्या मडगार्डचं दुखणं मात्र वेगळं. तिथं सहज लोहचुंबक लावलं तर ते टपकन खाली पडलं. पत्रा नव्हताच. कुण्या कारागिरानं भोकात बारदानाचा बोळा कोंबून वर बोटभर पुट्टी थापली होती. त्याला शिव्या दिल्या. पण एवढी वर्षं आमच्यापैकी कुणालाच ते कळलं नाही, याचं थोडं कौतुकही वाटलं.

गावात लोखंडाला तोटा नाही. इथल्या कारखान्यांत भंगार वितळतं आणि सळया होऊन बाहेर पडतं. भंगारवाल्यानं दोनदा जीपचा भाव करून पाहिला. दिली असती तर एव्हाना ती कुणाच्या तरी स्लॅबमध्ये निवांत झोपली असती.

पायाखालच्या भागासाठी 18 गेजचा पत्रा आणला, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटरचा. जीप सगळी चपट्या पत्र्याची, म्हणून काम सोपं, हा माझा पहिला गैरसमज. गोलाईच्या पत्र्याला स्वतःचा ताठा असतो. चपट्याला वेल्डिंगची धग लागली की तो रुसतो. मी पहिल्या दिवशी एका दमात लांबलचक शिवण ओढली आणि पत्रा तेलाच्या डब्यासारखा डबक-डुबुक वाजायला लागला. आता एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, मग कधीतरी मधला. दर टाक्यानंतर निवेपर्यंत थांबायचं. आणि दर टाक्याला शेजारच्या काकूंच्या घरातली लाइट मिचकते. भिंतीपलीकडून आवाज येतो, "थांब रे जरा, माझं दळण निम्म्यावर आलंय!" मग आधी घरघंटी, नंतर वेल्डिंग.

पोचे काढायला शिकवलं ते जुन्या जालन्यातल्या एका उस्तादांनी. मला वाटायचं, पोचा आत गेलाय तर आतून ठोकून बाहेर काढायचा, संपलं. त्यांनी डाव्या हातात डॉली दिली. डॉली म्हणजे मुठीत मावेल असा लोखंडाचा गुळगुळीत ठोकळा. तो आतून खोलगट जागेला दाबून धरायचा आणि बाहेरून हातोडी मारायची ती पोच्यावर नाही, त्याच्या भोवतीच्या उंच काठावर. काठ खाली बसतो, मधला खड्डा आपसूक वर येतो. हातोडी आणि डॉली समोरासमोर आली की मधला पत्रा चेपून पसरतो. मी नेमकं तेच केलं. पोचा गेला आणि जागेवर टेंगूळ आलं.

वाढलेला पत्रा आटवायचा प्रकार मात्र बघत राहावा असा. रुपयाएवढी जागा गॅसनं लालभडक करायची. तापलेल्या पत्र्याला पसरायचं असतं, पण भोवतीचा गार पत्रा त्याला जागा देत नाही, म्हणून तो तिथल्या तिथं जाड होतो. दोन-चार हलके ठोके, मग ओलं फडकं, चर्र! निवताना ती जागा भोवतीचा पत्रा स्वतःकडे ओढून घेते आणि टेंगूळ बसतं. पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना बाहेर बोलावून दाखवलं. आता दाखवायचं काय, तर तिथं काहीच नाही हे!

पुट्टी निघण्याआधी अशा जागा शिसं-कथलानं भरत. आधी पत्र्याला कथलाचा हात द्यायचा, म्हणजे चक्क कल्हईच, मग वर मऊ झालेलं शिसं लाकडी पट्टीनं पसरायचं. मला करून बघायचं होतं. उस्ताद म्हणाले, शिशाची भुकटी पोटात जाते, घरात लेकरं आहेत, नक्को.

डोळ्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "आँख कू नक्को पूछो मियाँ, हाथ कू पूछो." तेही बोटांच्या टोकांनी नाही, सगळा पंजा टेकवून, लांबवर, सावकाश. तळहाताखाली जुन्या बनियनचा तुकडा धरायचा. नुसता हात पत्र्याला अडखळतो. कापडावरून तो सरकतो आणि खालचा चढउतार नीट कळतो. मला आधी ही थापच वाटली होती.

भाच्याला जीप कापून रुंद टायरवाली करायचीय. त्याला मी 2021 चा नियम ऐकवतो. पन्नास वर्षं पूर्ण झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला विंटेज म्हणून नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' येतं, पण चासीत किंवा बॉडीत मोठा बदल केलेला चालत नाही. आपल्या जीपला तो मान 2036 साली. तो म्हणतो, मामा, तोपर्यंत तुमचा रंग तरी होईल का?

सध्या बॉनेटपर्यंत पोचलोय. आठ दिवस बनियनचा तुकडा फिरवून, सगळं सपाट आहे अशी खात्री करूनच प्रायमर मारला. मे महिन्यातल्या एका सकाळी आई सोऱ्या आणि चिकाचं पातेलं घेऊन बाहेर आली. गुडघ्यांमुळं तिला आता गच्ची चढवत नाही. तिनं बॉनेटवर जुनी सुती साडी अंथरली आणि दोन्ही तळव्यांनी तिच्या सुरकुत्या मोडायला लागली. डाव्या कोपऱ्याशी हात थांबला. मागं गेला. परत त्याच जागेवरून फिरला.

"इथं जाड राहिलंय," ती म्हणाली. भाकरी थापताना सुनेला सांगते त्याच आवाजात.

मी लगेच साडी उचलायला गेलो.

"कुरडया वाळल्यावर बघ. आत्ता हात लावू नको."