जुन्या फलाटांवरून पाहिलेला मेट्रोचा विस्तार: लंडन आणि पॅरिसमधील सहा दिवस

शहरी रेल्वेचा विस्तार पाहायला निघालेला माणूस साहजिकच आधी नव्या टोकाच्या स्थानकावर जातो. लंडनमधील पहिल्या सकाळी मीही तेच केले आणि नॉर्दर्न मार्गिकेने थेट बॅटरसी पॉवर स्टेशन गाठले. सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झालेला हा विस्तार तीनेक किलोमीटरचा आणि दोन स्थानकांचा आहे. रुंद फलाट आणि बेताची गर्दी, अर्ध्या तासात सारे पाहून झाले. परतताना केनिंग्टनला उतरले आणि तिथून मात्र पाय निघेना.

नवे बोगदे केनिंग्टनजवळच्या एका जुन्या वळणमार्गाला जोडलेले आहेत. चेरिंग क्रॉसकडून येणाऱ्या गाड्या त्या वळणावरून फिरून परत जात असत. बॅटरसीच्या गाड्या चेरिंग क्रॉसच्या शाखेवरून जातात, म्हणून बॅटरसीहून येणाऱ्या ज्या प्रवाशाला दुसऱ्या शाखेवरच्या बँक स्थानकाकडे जायचे असते, तो इथे उतरून शेजारच्या फलाटावर जातो. हे लोंढे सामावण्यासाठी विस्ताराच्या कामातच केनिंग्टनच्या फलाटांमध्ये चार नवे जोडरस्ते खणावे लागले. नकाशावर रेषा दक्षिणेला वाढली, पण भिंती फोडाव्या लागल्या त्या जुन्या स्थानकाच्या. वेळापत्रके आखण्याच्या कामात हे मी कागदावर अनेकदा पाहिले होते, परंतु चिंचोळ्या फलाटावर माणसांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिल्यावर ते जसे कळले, तसे कागदावर कधी कळले नव्हते. त्यानंतर मी सहा दिवसांचा बेत बदलला आणि नव्या स्थानकांऐवजी नवे जिथे जुन्याला मिळते, त्या जागा पाहत गेले. मागून जाणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला आहे.

त्यासाठी कॅम्डन टाउन चुकवू नये. नॉर्दर्न मार्गिकेच्या उत्तरेकडील दोन शाखा आणि मध्य शहरातून येणाऱ्या दोन शाखा इथे एकमेकींना मिळतात, आणि कोणत्याही शाखेची गाडी कोणत्याही शाखेवर जाऊ शकते. प्रवाशाला ही मोठी सोय वाटते, पण गाड्या चालवणाऱ्यासाठी ती बेडी आहे, कारण एका शाखेवर दोन मिनिटांचा उशीर झाला की सांध्यापाशी तो दुसऱ्या शाखेच्याही गळ्यात पडतो. दोन स्वतंत्र मार्गिका केल्या तर ताशी अधिक गाड्या सोडता येतील, हे सर्वांनाच मान्य आहे. परंतु तसे केले की हजारो लोकांना कॅम्डनला गाडी बदलावी लागेल आणि तेवढी माणसे तिथल्या फलाटांवर व जिन्यांवर मावणार नाहीत. सारे गाडे एका स्थानकाच्या रुंदीपाशी अडले आहे. सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान जोडरस्त्यांच्या तोंडाशी, वाट न अडवता दहा मिनिटे उभे राहिलात तरी हे लक्षात येईल.

यावरचा उपाय किती महाग पडतो, हे बँक स्थानकात दिसते. तिथे दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी नवा बोगदा आणि नवा फलाट बांधला, आणि तो जुन्या मार्गाला जोडण्यासाठी जानेवारी 2022 पासून 17 आठवडे मूरगेट ते केनिंग्टन हा भाग बंद ठेवला. माझ्या दृष्टीने खरी पाहण्याची वस्तू आहे ती त्याच्या शेजारी. पूर्वी दक्षिणेकडच्या गाड्या जिथून धावत, तो बोगदा आता पादचाऱ्यांचा प्रशस्त मार्ग झाला आहे. त्याच्या मध्यभागी थांबले तेव्हा पायाखाली गुळगुळीत फरशी होती आणि दोन्ही बाजूंनी माणसे बिनधक्क्याने चालली होती. वर पाहिले तर भिंत हळूहळू डोक्यावर झुकत येते आणि तो गोलावा ही जागा मूळची कशासाठी होती ते सांगून जातो. गाडी गेल्यावर फलाट रिकामा व्हायला जागाच नसेल तर ताशी दोन गाड्या वाढवून काही साधत नाही, हे ओळखून कोणीतरी एक अख्खा बोगदा चालणाऱ्यांच्या हवाली केला. हा निर्णय मला फार मोठा वाटतो.

विस्तार म्हणजे नेहमी लांबी नव्हे, फेऱ्या वाढवणे हाही विस्तारच. व्हिक्टोरिया मार्गिका 1968 पासून स्वयंचलित पद्धतीने धावते आणि गर्दीच्या वेळी तिच्यावर ताशी 36 गाड्या असतात, म्हणजे दर 100 सेकंदांना एक. त्यासाठी 2015 च्या ऑगस्टमध्ये मार्गिकेचा उत्तरेकडचा भाग तीन आठवडे बंद ठेवून उत्तर टोकाच्या वॉल्थमस्टो सेंट्रलजवळचे, गाड्या रूळ बदलतात ते सांधे बदलले, कारण गाड्या टोकाला वेळेत उलट फिरल्या नाहीत तर मधल्या वेगाचा काही उपयोग नसतो. दक्षिण टोकाला ब्रिक्स्टनच्या फलाटावर मी अर्धा तास काढला. चालक गाडी आणून उतरतो, तोच मागच्या टोकाला आधीपासून उभा असलेला दुसरा चालक तिचा ताबा घेतो, आणि पहिला चालक फलाटभर चालत जाऊन पुढच्या गाडीसाठी तयार राहतो. गाडीला टोके बदलायला वेळ लागत नाही, माणसाला लागतो, म्हणून माणसांची अदलाबदल करायची. अशा तंग वेळापत्रकात दाराची किंमत काय असते, तेही व्हिक्टोरिया स्थानकात दिसले. एका प्रवाशाच्या पाठपिशवीचा पट्टा दारात सापडला, दार दोनदा उघडले आणि दोनदा मिटले. ती गाडी सुटल्यावर मी पुढच्या गाडीत चढले, तेव्हा शेजारच्या बाईंनी आपल्या सोबतिणीला सांगितलेले कानावर आले की त्यांची गाडी मागे अंधारात थांबली होती.

फेऱ्या वाढल्या की उष्णताही वाढते. या खोल, अरुंद बोगद्यांभोवतीची चिकणमाती ब्रेक आणि मोटारींची उष्णता शंभर वर्षे शोषत आली आहे, त्यामुळे उन्हाळ्यात जाणार असाल तर पाण्याची बाटली जवळ ठेवावी.

एलिझाबेथ मार्गिकेला पूर्ण दिवस द्यावा. मध्य शहरातील 42 किलोमीटरचे नवे बोगदे, प्रशस्त स्थानके आणि फलाटांच्या कडेचे काचेचे दरवाजे पाहून कोणीही भारावेल. मात्र डिसेंबर 2018 मध्ये सुरू व्हायची ही मार्गिका मे 2022 मध्ये सुरू झाली. विलंबाची कारणे अनेक होती, आणि डोळ्यांना न दिसणारे एक मोठे कारण हे की एकच गाडी तीन सिग्नल यंत्रणांवर चालवायची होती: बोगद्यांत एक, हीथ्रोकडे दुसरी आणि उपनगरांतील जुन्या रुळांवर तिसरी. सुरुवातीला पॅडिंग्टन आणि लिव्हरपूल स्ट्रीट इथे प्रवाशांना गाडी बदलावी लागे. नोव्हेंबर 2022 पासून थेट गाड्या धावू लागल्या आणि पूर्ण वेळापत्रक मे 2023 मध्ये आले. टप्प्याटप्प्याने उघडण्याची ही पद्धत मला पटते, कारण यंत्रणांचे सांधे एकेक करून तपासता येतात. जाणाऱ्यांनी व्हाइटचॅपलला थांबावे. गर्दीच्या वेळी ताशी 24 गाड्या इथवर येतात आणि पुढे निम्म्या एका शाखेला, निम्म्या दुसऱ्या शाखेला जातात. मध्य भागातील स्थानके इतकी लांब आहेत की लिव्हरपूल स्ट्रीटच्या फलाटाचे दुसरे टोक मूरगेटला निघते. चुकीच्या टोकाने बाहेर पडलात तर बरीच पायपीट होते, म्हणून चढतानाच योग्य डबा निवडावा.

लंडनसाठी दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. एका प्रवासाला कमाल वेळेची मर्यादा असते. फलाटांवर निरीक्षण करत बसलात आणि ती ओलांडली तर कमाल भाडे कापले जाते, त्यामुळे मधूनमधून बाहेर पडून पुन्हा आत यावे, आणि आत येताना व बाहेर पडताना तेच कार्ड लावावे. दुसरे म्हणजे शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी मार्ग बंद असू शकतात, म्हणून हे सारे आठवड्याच्या कामाच्या दिवसांत पाहावे. छायाचित्रे घ्यायला हरकत नसते, मात्र फ्लॅश आणि तिवई वापरू नये.

पॅरिसमध्ये मी चौदाव्या मार्गिकेपासून सुरुवात केली. 1998 मध्ये ती सुरू झाली तेव्हा गाड्या सहा डब्यांच्या होत्या, पण फलाट आठ डब्यांचे, 120 मीटर लांबीचे बांधले होते. पुढे मार्गिका दोन्ही दिशांना वाढत गेली, जून 2024 मध्ये ऑर्ली विमानतळ आणि सेंट-डेनिस प्लेयेलपर्यंत पोहोचली, आणि तोवर आठ डब्यांच्या गाड्याही आल्या होत्या. जुन्या स्थानकांचे फलाट खणून लांबवायची वेळ आली नाही. वीसेक वर्षे रिकामी राहणारी जागा आधीच बांधून ठेवणे मंजूर करून घेणे किती अवघड असते, हे या कामात असलेल्यांना ठाऊक आहे, म्हणून त्या आखणीकारांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. चालक नसल्याने पहिल्या डब्याच्या पुढच्या काचेतून बोगदा स्पष्ट दिसतो. ती जागा हवी असेल तर टोकाच्या स्थानकावरून बसावे. जुन्या पहिल्या आणि चौथ्या मार्गिकाही वाहतूक चालू ठेवून, फलाटांवरचे दरवाजे रात्रीच्या वेळी बसवून विनाचालक केल्या गेल्या. तिथे वळणावरच्या फलाटांकडे आणि गाडीशी पडणाऱ्या फटीकडे लक्ष द्यावे.

शेवटची संध्याकाळ मी शातले-ले-आल आणि गार द्यू नोर या दोन स्थानकांच्या दरम्यान घालवली. उपनगरी जाळ्यातील बी आणि डी या मार्गिकांना शातलेत स्वतंत्र फलाट आहेत, पण पुढे दोन्हींसाठी दोन रुळांचा एकच बोगदा आहे आणि गर्दीच्या वेळी त्यातून एका दिशेने ताशी 32 गाड्या काढल्या जातात. दोन्ही टोकांना कितीही उपनगरे जोडली तरी इथली जागा तेवढीच राहते. साडेपाच ते सात ही वेळ गाठावी, अवजड सामान बरोबर नेऊ नये आणि बी मार्गिकेच्या पहिल्या डब्यात चढावे. मी चढले ती गाडी बोगद्याच्या तोंडाशी थबकली, शेजारच्या रुळावरून डी मार्गिकेची गाडी पुढे सरकली, तिचे मागचे लाल दिवे वळणाआड गेले आणि मग आमची गाडी हलली.