पावसाळ्यातले जुलाब: पुडी एक, पाणी किती?

पंचगंगेचं पाणी वाढायला लागलं की कोल्हापुरात सगळ्यांच्या मोबाईलवर एकच आकडा फिरतो, राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. घरात पाच वर्षांखालचं लेकरू असेल तर ३९ ची वाट न बघता जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या, चार पुड्या मेडिकलमधून आणून ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शहराचे नळ बंद पडले आणि टँकर, बोअर, विहीर, जिथून मिळेल तिथून पाणी भरावं लागलं. जुलाब अशाच पाण्यातून घरात शिरतात.

पुडी बहुतेकांकडं असते. घोटाळा कालवताना होतो. मोठी पुडी साधारण २१ ग्रॅमची, ती सगळी एक लिटर पाण्यात. छोटी ४ ग्रॅमच्या आसपासची, ती २०० मिलीत. किती पाणी घ्यायचं ते पुडीवर छापलेलं असतं, तेच धरा. तांब्या आणि फुलपात्र प्रत्येक घरात वेगळ्या मापाचं, त्यामुळं अंदाजानं ओतू नका. विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन मापाला ठेवा. पाणी आधी उकळून गार करा, मग पूड टाका. कालवल्यावर पुन्हा उकळायचं नाही. दूध, सरबत किंवा जादा साखर त्यात घालायची नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या.

‘आज अर्धी पुडी ग्लासात टाकू, अर्धी उद्याला’ हा हिशेब सगळ्यात वाईट. लिटरमागे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराईड १.५ आणि सायट्रेट २.९ हे प्रमाण मुद्दाम ठरवलेलं आहे. आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज जोडीनं आत ओढतात आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते, म्हणूनच हे साधं द्रावण काम करतं. पण द्रावण घट्ट झालं की उलटं होतं: अंगातलंच पाणी आतड्यात खेचलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं मीठ चढतं. उसाचा रस आणि कोल्ड्रिंकही याच कारणानं नको. दुकानात फळांच्या चवीची तयार पेयं मिळतात, तीही ओआरएस नव्हेत; ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सूत्रात न बसणाऱ्या पेयांना नावात ‘ओआरएस’ लावायला मनाई केली, ती याचसाठी.

पुडी संपली आणि बाहेर पडता येत नसेल, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा ५ मिलीचा, वरचा ढीग सुरीनं काढलेला. चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागली तर ओतून पुन्हा करा. आपल्याकडं गुळाला तोटा नाही, पण गुळाचा खडा चमच्यानं मोजता येत नाही. इथं साखरच घ्या.

दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, त्यापुढच्याला १०० ते २०० मिली. डोळे थोडे खोल गेले असतील, पोर चिडचिडं होऊन पाण्यासाठी हपापलं असेल, तर पहिल्या चार तासांत किलोमागे ७५ मिली, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. दहा किलोच्या मुलाला म्हणजे ७५० मिली: दीडशे चमचे, साधारण दीड मिनिटाला एक. बाटलीनं गटागटा पाजलं की उलटी होते आणि ‘पोटात काही टिकत नाही’ म्हणून पाजणंच थांबतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि चमच्यानं, आणखी सावकाश सुरू करा. एवढा वेळ बसायला घरातली दोन माणसं पाळीपाळीनं लागतात. आजीइतकी चिकाटी कुणाकडं नसते.

सोबत झिंक. सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, असं १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या फडताळात जातात, तसं करू नका. पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत जुलाब लागण्याची शक्यता झिंकमुळं कमी होते. पुड्या आणि झिंक आशाताईंकडं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. मोठ्या माणसांची जुलाब थांबवणारी गोळी मोडून लहानग्याला कधीच देऊ नका, आतडं मंदावून पोट फुगतं. अँटिबायोटिक बहुतेक वेळा लागतच नाही.

अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मोठ्याला मऊ भात, मुगाचं वरण, केळं, ताजं दही. तांबडा-पांढरा रस्सा आठवडाभर राहू दे. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवलं तर पोर आणखी खंगतं. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या. दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायची आपल्याला हौस असली, तरी लहान मुलांना दूध उकळूनच.

पोटावरची कातडी, बेंबी आणि कुशीच्या मधोमध, चिमटीत धरून सोडा. ती परत बसायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला, किंवा पोर मलूल पडलं, पाणी गिळेना, सहा तासांत लघवी नाही, शौचात रक्त, तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, सारखी उलटी, यातलं काहीही दिसलं तर सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी हॉस्पिटल) किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा. दोन महिन्यांखालच्या बाळाला जुलाब लागले तर चिन्हांची वाट बघूच नका. वाटेत चमचा चालू ठेवा. डॉक्टरांना लगेच सांगता यावं म्हणून कागदावर लिहून घ्या: वजन, शौच आणि उलट्या किती वेळा, शेवटची लघवी कधी, किती ओआरएस गेलं, आणि रोटाव्हायरसचे तीन डोस (६, १०, १४ आठवडे) झालेत का.